चौदा वर्षं पानी

तेरवी आटोपली आणि नागपूरचे चुलतभाऊ
तलवार घेऊन गेले.
गाडीच्या मागच्या सीटवर, पोरांच्या दप्तरांशेजारी,
चादरीत गुंडाळून.
"दसऱ्याला आणतोच परत, हेमकुंवर.
बाईने उचलायची नसते, म्हणून फक्त."

मला उचलता आली असती.
तालुक्याच्या पशुदवाखान्यात एकतीस वर्षं
अडलेल्या म्हशींची रेडकं ओढून काढलीत मी,
खांद्यापर्यंत हात घालून.
पण चहा उतू जात होता,
सांगायचं राहून गेलं.

वंशावळीचा फ्लेक्स मात्र इथेच ठेवून गेले.
दोन बाजूंना सोनेरी सिंह, मध्ये नऊ पिढ्या,
माझ्या वडिलांच्या फोटोखाली एकच शब्द: निर्वंश.
तेरवीच्या सकाळी मांडवाच्या बल्लीला
त्याची खालची दोरी
मीच बांधत होते.

धान पोटरीला आलं. पाऊस आठवडाभर नाही.
कोसमगढीच्या तलावाचं तुडुम उघडायचं
तर पहिला हात राजाचा.
तलाव सरकारचा होऊन सत्तर वर्षं झाली,
मासे सोसायटीचे,
पाळीवरचं गवत ज्याची गाय आधी पोचेल तिचं.
आमच्याकडे उरला तो हा हात.

लिंगू परधान पहाटेच येऊन बसला होता पाळीवर.
किंगरी लावली, नावं सुरू झाली:
भीमशहा, भीमशहाचा करणशहा,
करणशहाचा दलपतशहा,
मग चौदा वर्षं तलावात पानी होतं,
मग दलपतशहाचा नीलकंठशहा...

लहानपणापासून ऐकलेलं.
मला वाटायचं, त्या ओळीत तो दम घेतो.
मीही तेवढ्यात
गडव्यातलं पाणी पिऊन घ्यायची.

आज विचारलं. त्या चौदा वर्षांत कोण होतं, लिंगूकाका?

"रानी होती जी.
राजा गेला तवा नीलकंठ पाळन्यात.
हे पाळ तिनंच बांधली,
कोहळी लोक तिनंच आनून वसवले."

नाव?

त्याने खुंटी सैल केली, पुन्हा पिळली.
"गान्यात बाईचं नाव बसत नाही म्हने.
आजा सांगे, तिथं पानी म्हन,
लोक समजतात."

कोण समजतं?

समोर ढोकरी एका पायावर उभी होती.
ती उडेपर्यंत तो बोलला नाही.
"आमच्या घरच्या बाया समजत होत्या," म्हणाला.

आणि माझ्या वेळी काय म्हणशील?

"पानीच म्हनीन, बाई.
यंदा हाये बी थोडंफार."

मला हसू आलं. त्यालाही आलं, मग ठसका लागला.

खाली आसाराम कापगते घड्याळ बघत होता.
त्याच्यामागे सगळे, फावडी घेऊन.
"मॅडम, भाऊसाहेब दसऱ्याला येतील," तो म्हणाला,
"धान नाही थांबत तेवढं."

चपला काढल्या. पातळ खोचलं.
खुंटा गाळात घट्ट रुतलेला,
पहिल्या ओढीत हललाच नाही,
दुसऱ्या ओढीत तळव्याची साल गेली.
मग रेडकू येतं तसा आला,
एकदम, आणि मी चिखलात बसले.

पाटात पाणी धावलं, माणसं धावली.
पाळीवर किंगरी पुन्हा सुरू झाली.
"हेमकुंवर" लिंगूच्या चालीत एक मात्रा जास्त होतं.
त्याने ओढून पाहिलं, तोडून पाहिलं.
वरून ओरडला,
"बाबासाहेबांचा शहा काढला तर बसते! काढू का?"

मी गुडघाभर पाण्यात.
काढ म्हटलं, त्यांना आता काय कमी आहे.
पण आधी तिचं बघ,
त्या चौदा वर्षांचं.

किंगरी थांबली.
आसारामची आई पाटाच्या काठाने चालली होती,
पाण्याच्या तोंडाबरोबर, वाटेतला काडीकचरा काढत.
मान वर न करता म्हणाली,
"आमच्या तिकडच्या धुऱ्याले
मैनकुंवरचा धुरा म्हनतेत.
काहून म्हनतेत, कोनाले माईत."